बालाकिरेव्हच्या पियानोपाशी

सेंट पीटर्सबर्गमध्ये 1862 पर्यंत संगीतरचना शिकवणारी कॉन्झर्वेटरी नव्हती. मिली बालाकिरेव्हच्या घरी मात्र त्याआधीच एक शाळा भरू लागली होती. तिला ना वर्ग होते, ना परीक्षा. पियानो होता, चहा होता आणि बेथोव्हेन, शुमान, बर्लिओझ, ग्लिंका यांच्या स्वरलिप्यांचा ढीग होता. नवी रचना लिहून आणायची, सगळ्यांसमोर वाजवायची आणि मग काय ऐकून घ्यावं लागेल त्याची तयारी ठेवायची, एवढाच अभ्यासक्रम.

इथे जमणारे बहुतेक पोटापाण्यासाठी दुसरंच काही करत. सेझार क्युई लष्करी अभियंता, तटबंदीतला जाणकार. मुसोर्गस्की आधी लष्करी अधिकारी, नंतर सरकारी कारकून. बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक. रिम्स्की-कोर्साकोव्ह 1861 मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा सतरा वर्षांचा नौदल कॅडेट होता, आणि स्वतः बालाकिरेव्हला पंचविसावं संपत आलं होतं. समीक्षक स्तासोव्हने 1867 मध्ये एका लेखात या मंडळींना ‘बलाढ्य टोळकं’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

रिम्स्की-कोर्साकोव्हने आपल्या आठवणींत बालाकिरेव्हची पद्धत तपशिलात लिहून ठेवली आहे. पोरगा काहीतरी वाजवायचा. बालाकिरेव्हला एखादी जागा खटकली की तो लगेच पियानोवर बसून ती कशी हवी होती ते तिथल्या तिथे वाजवून दाखवायचा. कान तल्लख, स्मरणशक्ती अफाट. त्यामुळे समोरच्याला आपलं मूळ पुन्हा आठवायची सोयच राहत नसे. तो रचना सलग ऐकत नसे. चार मापं उत्तम, पुढची दोन भिकार, असा तुकड्या-तुकड्यांनी निवाडा व्हायचा. हार्मनी, काउंटरपॉइंट असली शास्त्रं त्याच्या लेखी गौण होती. त्यातलं फारसं काही माहीत नसलेल्या त्या कॅडेटला त्याने थेट सिंफनीच लिहायला बसवलं.

हे वेडेपण कामी आलं, हे मान्य करायला हवं. पुढे तो कॅडेट अल्माझ जहाजावरून लांबच्या सफरीला गेला, तेव्हा सिंफनीचा संथ भाग त्याने इंग्लंडच्या ग्रेव्हसेंड बंदरात पुरा केला. जहाजावर पियानो नव्हता. किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटात एखाद-दुसऱ्या वेळी वाजवून पाहिलं, तेवढंच. मग पानं टपालाने पीटर्सबर्गला रवाना झाली. डिसेंबर 1865 मध्ये बालाकिरेव्हच्याच संचलनाखाली ती सिंफनी वाजली आणि टाळ्यांना उत्तर द्यायला नौदलाच्या गणवेशातला तरुण व्यासपीठावर आला.

पण अशा मार्गदर्शकाला नाही म्हणायचं कसं? मला वाटतं, या मंडळाची खरी कसोटी इथे लागली. मुसोर्गस्की नाही म्हणाला. 1867 च्या उन्हाळ्यात त्याने चेटकिणींच्या रात्रीवरचं ‘बोडक्या डोंगरावरची रात्र’ लिहून काढलं. बालाकिरेव्हला ते पसंत पडलं नाही. मुसोर्गस्कीने दुरुस्तीला नकार दिला आणि वाद्यवृंदाची ती रचना त्याच्या हयातीत एकदाही वाजली नाही.

चायकोव्हस्कीचं वेगळं. तो पीटर्सबर्गच्या कॉन्झर्वेटरीत शिकलेला, मॉस्कोत राहणारा आणि तिथल्या कॉन्झर्वेटरीत शिकवणारा, म्हणजे टोळक्याबाहेरचा. 1869 मध्ये बालाकिरेव्हने त्याला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा विषय सुचवला. एवढ्यावर थांबेल तर तो बालाकिरेव्ह कसला! कोणता भाग कोणत्या स्वरात असावा याचा आराखडा पाठवला, सुरुवातीची मापंसुद्धा स्वतः रचून धाडली. चायकोव्हस्कीने आपल्या सुरावटी पाठवल्यावर उत्तर आलं, त्यात प्रेमाच्या सुरावटीवर बालाकिरेव्ह बेहद्द खूश होता, सुरुवात मात्र त्याला हायडनच्या चौकडीसारखी वाटली. तिथे लिस्टच्या धर्तीचं काहीतरी गंभीर हवं होतं. मार्च 1870 मध्ये रचना पहिल्यांदा वाजली, मग चायकोव्हस्कीने नवी सुरुवात लिहिली आणि 1880 मध्ये शेवटही पुन्हा घडवला. सूचना घेतल्या, पण सवडीने आणि हव्या तेवढ्याच. मध्ये टपालाचं अंतर होतं आणि पाठीशी स्वतःचं शिक्षण होतं. बालाकिरेव्हचा सगळ्यात जास्त फायदा या बाहेरच्या माणसाने करून घेतला, असं माझं मत आहे.

दुसऱ्यांना घाई करणाऱ्या बालाकिरेव्हची स्वतःची पहिली सिंफनी 1864 मध्ये सुरू होऊन 1897 मध्ये संपली, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो. 1872 मध्ये तर तो संगीतापासून दूर होऊन रेल्वेच्या कचेरीत नोकरीला लागला.

तोवर मंडळींना एकमेकांचं ऐकायची सवय लागली होती. 1871 च्या शरदात मुसोर्गस्की आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह एकाच खोलीत राहायला लागले. पियानो एक, टेबल एक. दुपारी बारापर्यंत पियानो मुसोर्गस्कीचा, तेव्हा दुसरा टेबलावर नकला उतरवणार किंवा वाद्यवृंदाची मांडणी करणार. बारा वाजता मुसोर्गस्की कचेरीत गेला की पियानो मोकळा. संध्याकाळचं ठरवून. इथे मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’ ऑपेराचा नवा अंक आणि रिम्स्की-कोर्साकोव्हचा ‘प्स्कोव्हची कन्या’ हा ऑपेरा शेजारी-शेजारी वाढले. बोरोदिनने तेव्हाच पत्रात लिहिलं होतं की दोघांचे गुणदोष एकमेकांच्या उलट आहेत आणि म्हणून दोघेही सुधारत आहेत. इथे कोणी कोणाचा गुरू नव्हता.

याच वर्तुळातला क्युई वर्तमानपत्रात समीक्षाही लिहायचा. 1874 मध्ये ‘बोरिस’ रंगमंचावर आला तेव्हा त्याने छापील शब्दांत त्यातले दोष काढले. घरातल्या पियानोपाशी याहून कडक बोलणी मुसोर्गस्कीने पचवली होती. ही त्याला फार लागली. खोलीत म्हटलेल्या वाक्यानंतर पान बदलता येतं. ऑपेरा उभा राहिल्यावर छापून आलेल्या वाक्याचं काय करायचं?

रिम्स्की-कोर्साकोव्ह 1871 मध्ये कॉन्झर्वेटरीत प्राध्यापक झाला आणि आपल्याला शास्त्र येत नाही हे ध्यानात आल्यावर गुपचूप विद्यार्थ्यांच्या पुढे राहून शिकत गेला. फ्यूगवर फ्यूग लिहिले, तपासायला चायकोव्हस्कीकडे पाठवले. मुसोर्गस्की 1881 मध्ये वारल्यावर त्याची पानं रिम्स्की-कोर्साकोव्हच्याच हाताखालून गेली. ‘बोडक्या डोंगरा’ची 1886 ची प्रत, जी आज सगळीकडे वाजते, ती रिम्स्की-कोर्साकोव्हची. देवळाची घंटा वाजून पहाट होते तो शेवट मुसोर्गस्कीच्या नंतरच्या एका ऑपेरातल्या आवृत्तीवरून आला, 1867 च्या संहितेत तो नाहीच. मूळ संहिता 1968 मध्ये छापली गेली. तिच्यात जोड ओबडधोबड आहेत, पितळी वाद्यं अंगावर येतात आणि चेटकिणींचा धुडगूस शेवटपर्यंत थांबत नाही.