तारीख पाळणारी कामं

आमच्या सावली तालुक्यातून पोटासाठी बाहेर पडणं नवं नाही. धान घरात आलं की घरंच्या घरं तेव्हाच्या आंध्रात, खम्मम-वरंगळकडे, मिरची तोडायला जायची. सिव्हिलची डिग्री घेऊन मी 2006 साली दुबईला गेलो, म्हणजे जरा लांबची वाट धरली एवढंच.

दुबई मेट्रोच्या रेड लाइनचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. मार्ग 52 किलोमीटरचा आणि उद्घाटनाची तारीख आधीच जाहीर: 9-9-2009. मी एका पोटठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून लागलो. मार्गाच्या पुलाचे काँक्रीटचे सेगमेंट यार्डात ओतायचे, ट्रेलरवरून आणायचे, लाँचिंग गर्डरने उचलून इपॉक्सीने जोडायचे आणि केबल ताणून स्पॅन पक्का करायचा. उन्हाळ्यात पारा 45च्या वर, म्हणून काँक्रीट रात्री ओतायचं, तेही काही पाण्याच्या जागी बर्फ घालून. काँक्रीटची गाडी आली की आधी थर्मामीटर, मग ते किती पातळ आहे हे बघणारी स्लम्प चाचणी. त्याच काँक्रीटचे क्यूब भरून ठेवायचे आणि 7 व 28 दिवसांनी फोडून ताकद बघायची. तापमान मर्यादेच्या वर गेलं तर भरलेली गाडी आल्या पावली परत. ‘चालवून घ्या हो’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. कॉलेजात पाठ केलेली शिस्त हाताला लागली ती तिथे.

माझ्या टोळीत बहुतेक करीमनगर-निजामाबादकडचे लोक होते. आमची माणसं त्यांच्या मुलखात राबायला जात आणि ते इथे आलेले. कॅम्पमध्ये एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे, अंधारातच बस पकडायचे. पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात, आणि गावाकडे एजंटासाठी काढलेलं कर्ज. 2007मध्ये रुपया वधारला, डॉलर 40 रुपयांच्या खाली आला. दिरहॅम डॉलरला बांधलेला, त्यामुळे मजुरी तीच राहिली आणि घरी पोचणारा पैसा घटला. त्या वर्षी दुबईत हजारो बांधकाम मजुरांनी काम बंद केलं. संघटनेला बंदी, संपाला बंदी. कित्येकांची धरपकड झाली.

ठरल्या दिवशी, रात्री 9 वाजून 9 मिनिटं 9 सेकंदांनी मेट्रो सुरू झाली. 29पैकी 10 स्थानकंच उघडली होती, पण तारीख चुकली नाही. तोवर मंदीने शहरातली कितीतरी कामं थांबली होती. नोव्हेंबरात ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी कंपनीने कर्जफेडीला मुदत मागितली, आणि मी परतीचं तिकीट काढलं.

गावात मला हमखास एक टोमणा ऐकावा लागे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988ला झाली. त्याचा 99 किलोमीटरचा उजवा कालवा आमच्या आसोलामेंढा तलावापर्यंत यायचा. ‘तिकडं तीन-साडेतीन वर्षांत मेट्रो धावते, मग आमच्या धानाच्या बांध्यांत पाणी कधी?’

माझं उत्तर लोकांना लांबलचक वाटायचं. दुबईला जमीन मोकळी मिळाली, पैसा सुरुवातीला हात सैल सोडून आला आणि मजुराला ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. आपल्याकडे निधी अडला, वनजमिनीची परवानगी अडली, कामाच्या दर्जावर चौकशी समित्या बसल्या. या उशिराचा जाब विचारायलाच हवा. पण घर-शेत बुडालेला माणूस आधी मोबदला द्या म्हणून मोर्चा काढतो, तो उशीर मी त्या खात्यात धरत नाही. असा मोर्चा माझ्या टोळीतल्या कुणाला दुबईत काढता आला नसता.

आज नवी पोरं आखातात निघताना सल्ला विचारायला येतात. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, हे पहिलं. दुसरं, तिथल्या वेगाने भारावून जाऊ नका; थर्मामीटर आणि क्यूब तेवढे शिकून या. तपासणी न करता घातलेल्या अस्तराला तडे गेले की कालव्याचं पाणी वाटेतच जिरतं, मग शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला तो वेळेत झाला काय नि उशिरा झाला काय, सारखंच.