आकडा शून्यावर येतो तेव्हा : जिफीज आणि टाइम-आफ्टर

मागच्या व्याख्यानात टायमर इंटरप्ट कसा येतो ते आपण पाहिलं. आज त्याच इंटरप्टवर चालणारा एक साधा आकडा घेऊ. लिनक्स कर्नेलमध्ये ‘जिफीज’ नावाचं एक व्हेरिएबल आहे. टायमरचे किती ठोके पडले, एवढंच ते मोजतं. सेकंदाला ठोके किती, हे ‘एचझेड’ हा स्थिरांक सांगतो. कर्नेल बांधताना तो ठरतो. १००, २५०, ३००, १००० या नेहमीच्या किमती.

आता समजा, आपण एक ड्रायव्हर लिहितोय. उपकरणाला दोन सेकंदांची मुदत द्यायची आहे. मुदत म्हणजे आत्ताचा जिफीज अधिक दोन गुणिले एचझेड. मग आपण सहज लिहून टाकतो : जिफीज मुदतीपेक्षा मोठा झाला का? वाचायला अगदी बरोबर वाटतं, नाही का? पण इथंच घोटाळा आहे.

३२ बिटांच्या मशीनवर जिफीज ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुढच्या ठोक्याला शून्य होतो. एचझेड १००० असेल तर सुमारे ४९.७ दिवसांनी, १०० असेल तर सुमारे ४९७ दिवसांनी. इतके दिवस चाचणी कोण घेत बसणार? म्हणजे चूक आपल्या टेबलावर दिसतच नाही; महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या मशीनवर दिसते.

छोटा हिशेब करू. आकडा ० ते २५५ एवढाच आहे असं धरा. आत्ता २५०, मुदत १० ठोक्यांची. बेरीज २६०, पण उरतात ४. २५० हे ४ पेक्षा मोठे, म्हणून मुदत लगेच संपल्यासारखी वाटते. उलटही होतं : मुदत २५४ होती आणि आपण तपासलं तेव्हा आकडा ३ वर आला होता. आता ३ काही २५४ पेक्षा मोठे नाहीत. मग बसा वाट बघत!

यावर कर्नेलचा उपाय म्हणजे ‘टाइम-आफ्टर’ हा मॅक्रो. तो दोन आकड्यांची थेट तुलना करत नाही. मुदतीतून आत्ताचा आकडा वजा करतो आणि उत्तर चिन्हासकट वाचतो. ४ वजा २५० म्हणजे आठ बिटांत १०. अजून दहा ठोके बाकी. आकडा ६ झाला की ४ वजा ६, म्हणजे उणे २, मुदत संपली. अट एकच : दोन वेळांमधलं अंतर पूर्ण फेरीच्या निम्म्यापेक्षा कमी हवं.

आणि एक गंमत बघा. जिफीजची सुरुवात शून्यापासून होतच नाही. ‘इनिशियल-जिफीज’ हा स्थिरांक उणे ३०० गुणिले एचझेड असा मांडलाय. म्हणजे बूट झाल्यावर पाचच मिनिटांत ३२ बिटांचा आकडा उलटतो. हे मुद्दाम केलंय. जी चूक दीड वर्षानं ग्राहकाकडे दिसली असती, ती आपल्यासमोर पाच मिनिटांत यावी म्हणून.

तेव्हा कर्नेलमधला असा स्थिरांक विचित्र दिसला, तर तो ‘सुधारायच्या’ आधी तिथली टिप्पणी वाचा. आणि आपल्या ड्रायव्हरची चाचणी घेताना मशीन निदान सहा मिनिटं तरी चालू ठेवा. पुढच्या वेळी मिलिसेकंदांचे ठोके कसे करायचे ते पाहू.