खांदेरी 1679: जिंकायचं नाही, वेळ काढायचा

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिहिलेलं रूप. मी तोच, आठवडाभर कोड लिहिणारा आणि शनिवारी रात्री अलिबागच्या घरी टेबलावर नकाशा पसरून बसणारा. आजचा विषय म्हणजे आम्ही मित्रांनी घरीच बनवलेला वॉरगेम. खांदेरी, साल 1679.

आधी गोष्ट. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, पलीकडचं खांदेरी. 1679 च्या ऑगस्टअखेर, पाऊस पुरता सरलेला नसताना, महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरले आणि तट बांधायला लागले. मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, कारण हे बेट त्यांच्या बंदराच्या वाटेवरच आहे. त्यांनी वेढा घातला. तट मात्र तेव्हा कंबरेएवढासुद्धा नसेल.

आता बघा, मायनाकांना इंग्रजांचं आरमार बुडवायचं नव्हतं. त्यांना फक्त टिकायचं होतं, भिंत उभी राहीपर्यंत. लष्करी भाषेत याला डिलेइंग अ‍ॅक्शन म्हणतात. आपण वेळकाढू लढाई म्हणू. पावनखिंड आठवा. बाजीप्रभूंना सिद्दी मसूदची फौज संपवायची नव्हती, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत थोपवायची होती. फरक एवढाच, की खिंडीत हिशोब तासांचा होता आणि खांदेरीवर महिन्यांचा.

म्हणून आमच्या गेममध्ये किती जहाजं बुडवली याला गुणच नाहीत. एक पाळी म्हणजे एक आठवडा, सप्टेंबर ते जानेवारी अशा वीस पाळ्या. बाजूला तटाची पट्टी आहे, शून्य ते दहा. किनाऱ्यावरून शिधा आणि सामानाचं गलबत बेटावर पोचलं तर तट एक घर वर. नाही पोचलं तर काम थांबतं, आणि सलग तीन पाळ्या कुणीच पोचलं नाही तर उपासमार. दहा घरं भरली की मराठे जिंकले, मग समुद्रावर काहीही होवो.

रात्रीचा नियम माझ्या मामेभावाचा. तो मासेमारीला जातो. तो म्हणाला, ‘दादा, अवसेच्या रात्री मतलई वारा धरून बिनदिव्याची होडी सुटली तर शेजारून गेली तरी कळत नाही.’ मग आम्ही चंद्राचं वेळापत्रकच घातलं. अवसेच्या आठवड्यात गलबत अडवायला इंग्रजांना फाशावर सहाच यावे लागतात, पौर्णिमेला तीनच्या वर काहीही चालतं. आणि वारा पडला की इंग्रजांचं मोठं फ्रिगेट ‘रिव्हेंज’ जागच्या जागी. गलबतांना वल्ही असतात, ती निघून जातात. माझ्या मते अख्ख्या खेळातला सगळ्यात खरा नियम हाच.

18 ऑक्टोबरचा दिवस वेगळा खेळावा लागतो. त्या दिवशी दौलतखान पन्नासच्या आसपास गलबतं घेऊन इंग्रजांवर चालून गेला. इंग्रजांची ‘डोव्ह’ मराठ्यांनी पकडली, बाकीची लहान जहाजं पांगली, ‘रिव्हेंज’ जवळपास एकटी लढली आणि शेवटी मराठे खाडीकडे परतले. यात जिंकलं कोण, यावर आमचे कमेंट सेक्शन पेटतात. पण टेबलावर खेळून बघा. त्या लढाईनंतरही गलबतं रात्री सुटतच राहिली, आणि तटाची पट्टी सरकतच राहिली. मग ‘रिव्हेंज’ जिंकली असं म्हटलं तरी इंग्रजांच्या हाती काय लागलं?

खरी गंमत ‘असं झालं असतं तर’मध्ये. इतिहासात जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार नोव्हेंबरमध्ये इंग्रजांच्या मदतीला आलं. आम्ही ते सप्टेंबरमध्येच आणलं. सिद्दीकडे लहान, वल्ह्यांच्या होड्या आहेत, म्हणजे रात्रीचा फायदा गेला. पाच वेळा खेळलो, चार वेळा खांदेरी पडली. एकदा तर तट तीनवरच अडकला.

इथे आमच्यातला एक जण उठून उभा राहिला. म्हणाला, ‘हा डाव मी खेळणार नाही. महाराजांचं बेट पडतं असला खेळ कशाला बनवायचा?’ त्याचा राग मला समजतो. आपण सगळे या गोष्टी ऐकतच मोठे झालो. पण मी त्याला म्हटलं, बेट पडूच शकत नाही असा नियम लिहिला, तर मायनाकांनी धोका काय पत्करला? भर पावसात, डोक्यावर छप्पर नाही, समोर तोफांची जहाजं, आणि मदत येईल का हे समुद्रावर अवलंबून. त्यांना शेवट माहीत नव्हता. आपल्याला माहीत आहे म्हणून ते सोपं वाटतं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने मराठ्यांच्या सोंगट्या स्वतःकडे ओढल्या.

त्या डावात त्याने एक मस्त चाल केली. पहिल्या चार पाळ्या एकही तोफ पाठवली नाही, नुसता शिधा आणि माणसं. तट सहावर गेला तेव्हा सिद्दीच्या होड्यांना बेटाजवळ यायची भीती वाटायला लागली. शेवटी तो हरलाच, पण एकोणिसाव्या पाळीला.

दुसरी शक्यता पैशाची. सुरतेच्या वरिष्ठांना मुंबईकरांचा हा खर्च नकोच होता, म्हणून गेममध्ये इंग्रजांना दर पाळीला जहाजांचं भाडं मोजावं लागतं. हात मोकळा ठेवला तरी एकट्या इंग्रजांना मोठ्या जहाजांवर वेढा जिंकता येत नाही. त्यांना पैसे जास्त लागत नाहीत, होड्या लागतात. 1680 च्या सुरुवातीला त्यांनी प्रत्यक्षात वेढा सोडला.

त्याच जानेवारीत सिद्दीने शेजारचं उंदेरी गाठून तिथे स्वतःचा तट चढवायला सुरुवात केली. म्हणजे बाजू उलटल्या: आता वेळ सिद्दीला काढायचा होता आणि थांबवायचं होतं दौलतखानाला. नकाशा तोच, सोंगट्यांचे रंग बदलायचे. पुढच्या शनिवारी तो डाव मांडतोय, आणि सिद्दी मी घेतलाय.