रांग आणि ओळख

एप्रिल २०२१ चा पहिला आठवडा. माझ्या मावसभावाला ऑक्सिजन लावलेला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, रेमडेसिविर आणा. वरणगावहून जळगाव गाठलं. औषधांच्या दुकानापुढे पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसांची रांग होती. मी शेवटी उभा राहिलो आणि मोबाइल काढला. एका कविसंमेलनात ओळख झालेले गृहस्थ आठवले. तासाभरात इंजेक्शन हातात आलं. रांग तशीच उभी होती. माझ्या पुढच्या बाईंनी घामेजल्या मुठीत चिठ्ठी धरली होती.

तुम्ही म्हणाल, रांग मोडली हाच अन्याय. खरंच आहे. पण रांग तरी न्यायी असते का? रेशनच्या दुकानात ती चालते. औषधाच्या रांगेत मात्र ज्याच्याकडे मोटारसायकल आहे, घरात धावपळ करणारं माणूस आहे, तोच आधी पोचतो. सातपुड्यातल्या पाड्यावरचा माणूस जळगावला येईपर्यंत दुकान रिकामं. आजार किती बळावलाय, हे रांग विचारत नाही. पुढे त्याच महिन्यात शासनाने रेमडेसिविरचं वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली आणलं आणि इंजेक्शनं थेट रुग्णालयांना द्यायचं ठरवलं, ते यासाठीच.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत या औषधाने मृत्यू फारसे कमी झालेले दिसले नव्हते, आणि नोव्हेंबर २०२० मध्येच संघटनेने रुग्णालयातल्या रुग्णांना ते देऊ नये, असा सल्ला दिला होता. म्हणजे कशासाठी धावायचं, इथपासूनच आपली चूक होती.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळी. त्यावाचून माणूस खरोखर जातो. आपल्या खानदेशातल्या नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा पहिला प्रकल्प त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे दुसऱ्या लाटेच्या कितीतरी आधी, उभारला. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथली ‘ऑक्सिजन नर्स’. तिचं काम एवढंच, की खाटेखाटेशी जायचं, रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन मोजायचा, गरजेपुरताच प्रवाह ठेवायचा. एकाची गरज कमी झाली, जेवताना कुणी मास्क काढून ठेवला, की तिथे वाया जाणारा ऑक्सिजन दुसऱ्यासाठी उरायचा. वशिला लावायला तिथे जागा कुठे?

माझा भाऊ बरा झाला. इंजेक्शनामुळे की आपोआप, कोण सांगणार? त्या बाईंच्या रुग्णाचा ऑक्सिजन तेव्हा किती होता, हे मी विचारलं नव्हतं.