जर्मलच्या तलवारीची चमक

स्नेहसंमेलन जवळ आलं की आमच्या महाड-पोलादपूरकडच्या शाळांत एकच धांदल उडते. रायगड इथून जवळ, आणि तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ तर पोलादपूर तालुक्यातलंच. त्यामुळे शिवकाळातलं एखादं नाटुकलं ठरलेलंच! मग कुणी लाकडी पट्टीवर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवून तलवार करतं, कुणी ढाल, तर कुणी दिवाळीच्या किल्ल्यासाठी इवलीशी तोफ. पॉलिश केल्यावर ती कशी आरशासारखी चमकते! पण हीच तलवार पावसाळाभर माळ्यावर राहिली आणि दसऱ्याला खाली काढली, की पाहावत नाही. पत्रा करडा, मळकट झालेला आणि त्यावर जागोजागी पांढरे ठिपके. महिनाभर खपून केलेल्या वस्तूची ही दशा पाहून मुलांचे चेहरे उतरतात.

असं का होतं? लोखंड गंजतं, पण अॅल्युमिनियम म्हणजे आपलं घरातलं जर्मल तर गंजत नाही ना?

गंमत अशी की, तेही हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं, आणि लोखंडापेक्षा कितीतरी चटकन. नुकत्याच घासलेल्या पत्र्यावर क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी किती, तर 2 ते 4 नॅनोमीटर! असे अडीच लाखांहून जास्त पापुद्रे एकावर एक रचाल, तेव्हा कुठे 1 मिलिमीटर भरेल. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो गळून पडतो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. अॅल्युमिनियमचा पापुद्रा मात्र घट्ट चिकटून बसतो, आतल्या धातूला जपतो. सिंहगडावर ढाल तुटल्यावर तानाजी डाव्या हाताची ढाल करून लढले, असं बखर सांगते. या धातूची ढाल तर ओरखडा पडताच पुन्हा आपोआप तयार होते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या उंच स्मारकाच्या टोकावर 1884 साली अॅल्युमिनियमचा छोटा कळस बसवला. तेव्हा हा धातू चांदीच्या तोडीचा महाग होता. तो कळस अजून वरच आहे.

म्हणजे हा पापुद्रा आपला शत्रू नव्हे. तो पारदर्शक असतो, चमक त्याने जात नाही. चमक जाते ती त्याला भोकं पाडणाऱ्यांमुळे. पहिला चोर मीठ. हाताच्या घामातही ते असतं, म्हणून बोटांचे ठसे महिन्याभराने पत्र्यावर उमटून दिसतात. दुसरा चोर चुना, धुण्याचा सोडा आणि राख. राखेने घासलेलं जर्मलचं पातेलं काळं पडतं, हे आईला विचारा! किल्ल्याच्या ओल्या चुन्यात किंवा सिमेंटमध्ये तोफ रोवाल, तर ती बुडापासून खाल्ली जाईल. खाली लाकडाचा तुकडा ठेवा. तिसरा चोर जरा लबाड आहे. पितळी मूठ किंवा पितळी स्क्रू पत्र्याला चिकटून असला आणि मध्ये ओल शिरली, की पितळ शाबूत राहतं आणि अॅल्युमिनियम झिजतं. दोन्हींच्या मध्ये रंगाचा जाड हात द्या. आणि आमच्याकडे तर वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, ओलीला काय तोटा!

आता उपाय. पत्र्याच्या कडा आधी आत दुमडून घ्या, नाहीतर नाटकात खरोखरच रक्त निघेल. बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा, मग मऊ फडक्यावर थोडी टूथपेस्ट घेऊन चोळा. स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. यापुढे उघडा हात लावायचा नाही, सुती कापडाने धरा. तोफेसारख्या लहान वस्तूला बिनरंगाच्या नेलपॉलिशचा पातळ हात पुरतो. तलवारीच्या पात्याला गाडीचं वॅक्स पॉलिश लावा, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. ढालीवर पारदर्शक लॅकर फवारायचं असेल, तर ते बाबांकडून किंवा ताईकडून करून घ्या. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास दिवा-काडी नको.

हे सारं मृगाच्या आधी, कोरड्या उन्हाच्या दिवशी उरका. दमट हवेत लॅकर लावलं, की त्यावर दुधासारखी पांढुरकी छटा येते, आणि मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून! घाईची मुलं नेमकी इथेच फसतात.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. जुनी सुती ओढणी बरी. बुटांच्या खोक्यात दाणेदार पुड्या येतात ना, त्या न फोडता सोबत ठेवा, धाकट्यांच्या हाताला मात्र लागू देऊ नका. श्रावणात एखादा उघडिपीचा दिवस आला, की तलवार खाली काढून कोरड्या फडक्याने पुसायची आणि पुन्हा माळ्यावर.