चार फुटांचं ‘डबल’

हिला पाठीचं दुखणं जडलं आणि डॉक्टरांनी कापसाची गादी बंद करायला सांगितली, तेव्हा मी अलिबागच्या बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, ‘‘साहेब, सिंगल, डबल, क्वीन की किंग?’’ आम्ही माणसं दोन. मी म्हटलं, डबल.

संध्याकाळी टेम्पोतून गादी आली. जुन्या सागवानी पलंगावर ती तंतोतंत बसली, आणि तिथंच माझी चूक लक्षात आली. पलंग चार फुटी, गादीही चार फुटी. हिला कूस बदलायला जागा हवी होती. ती इंचभरही वाढली नव्हती. सारी हयात बँकेत इतरांच्या बेरजा तपासलेला मी टेप न लावता, नुसत्या नावावर माल उचलून आलो होतो.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आपल्याकडे सिंगल ३६ इंच रुंद, डबल ४८, क्वीन ६० आणि किंग ७२. आता सिंगलची दुप्पट किती? ७२. म्हणजे खरं डबल किंगच! दुकानातल्या डबलमध्ये माणशी येतात २४ इंच, रेल्वेच्या स्लीपरमधल्या बाकाइतके. क्वीन घेतली तरी माणशी ३०. एकट्याला तीन फूट; लग्न झालं की माणूस आपोआप रोडावतो, अशी या मापांची समजूत दिसते.

परदेशातही निराळी तऱ्हा नाही. अमेरिकेत सिंगलला ‘ट्विन’ म्हणतात, कारण एका खोलीत तशा दोन खाटा मांडायची पद्धत होती. एकटी राहिली तरी ती जुळीच! राणी आणि राजा तिथल्या दुकानांत आले ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस. इंग्लंडमधला किंग पाच फुटांचा. तोच अमेरिकेत गेला की रुंदीनं क्वीन होतो. आणि ‘कॅलिफोर्निया किंग’ साध्या अमेरिकन किंगपेक्षा लांब, पण चार इंचांनी अरुंद.

आपण मराठी माणसांनी हसू नये. गादी आणि राज्य यांची गाठ आपल्या भाषेनं केव्हाच घातली आहे. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारची आणि कोल्हापूरची अशा दोन गाद्या कायम झाल्या, त्या काही कापसाच्या नव्हत्या. आमच्या कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं. तेव्हा आम्ही तर राजधानीच्या नावाच्या जिल्ह्यातले. तरी झोपायच्या गादीला आमच्याकडे पदवी नव्हती. पाऊस सरला की पिंजारी खांद्यावर पिंजण टाकून दारात यायचा, पलंगाला सुतळी लावून माप घ्यायचा आणि विचारायचा, कापूस किती किलो घालू? समुद्राच्या दमट हवेत त्या कापसाच्या गुठळ्या व्हायच्या. अंगणात उन्हं दाखवायची आणि पुन्हा पिंजून घ्यायचा.

मग चार फुटांत आमच्या आईवडिलांचं कसं भागलं? भागवलंच नाही त्यांनी. वडील ओटीवर झोपायचे, आई माजघरात आम्हा पोरांच्या रांगेत, सतरंजीवर. पलंगावर दिवसभर वळकट्या रचलेल्या असत. रात्री तो आजारी माणसाचा, नाहीतर पाहुण्यांचा. आमच्या लग्नानंतर तो आमच्या वाट्याला आला आणि चाळीस वर्षं आम्ही दोघं त्याच्यावर अंग चोरून झोपलो. अडचण होते, असं हिनं एकदाही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. पाठ धरली तेव्हा कुठं म्हणाली, ‘‘अहो, कड बदलायची तर आधी तुम्हाला उठवावं लागतं.’’

ते डबल पलंगासकट पाहुण्यांच्या खोलीत गेलं. या वेळी टेप खिशात घालून गेलो. तीन-तीन फुटांच्या दोन खाटा आणि दोन सिंगल गाद्या आणल्या, भिंतीला लावून जोडून मांडल्या. बेरीज ७२. मधे फट पडते, तिच्यात हिनं माझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी घडी घालून कोंबली आहे. नातू आला की नेमका त्या फटीवरच झोपतो.