गोळीचा वेग, वाऱ्याचा हिशेब

गुळाच्या व्यापारासाठी शाहू महाराजांनी १८९५मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही पेठ वसवली. गुळाचा रवा काट्यावर चढल्याशिवाय भाव फुटत नाही, हा पेठेचा रिवाज. रायफलच्या गोळीच्या बाबतीत मात्र डब्यावर छापलेला बॅलिस्टिक कोएफिशंट, म्हणजे बीसी, बहुतेक जण डोळे मिटून मान्य करतात. तो मोजायचा कसा, हे नेमबाजांच्या या जिल्ह्यात तरी ठाऊक असायला हवं. २०१०मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत इथली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. दोघांचीही स्पर्धा ५० मीटरची, गोळी पॉइंट टू टूची.

हवा गोळीला किती अडवते, ते बीसी सांगतो. तो जितका मोठा, तितका गोळीचा वेग टिकतो. तुलनेला एक ठरावीक आकाराची प्रमाण गोळी धरलेली असते. मोजायला लागतात दोन क्रोनोग्राफ. प्रकाशाच्या दोन संवेदकांमधलं अंतर गोळीनं किती वेळात कापलं, यावरून हे यंत्र वेग काढतं. १७४२मध्ये बेंजामिन रॉबिन्सनं हेच काम लोलकावर गोळी झाडून केलं होतं.

समजा, नळीपाशी वेग सेकंदाला ३३० मीटर भरला आणि ५० मीटरवर ३०३. दोन वेगांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेऊन अंतरानं भागला की दर मीटरची घट कळते. प्रमाण गोळीची त्याच वेगाची घट तिनं भागली की बीसी. गणित इतकंच. खरी गोम मोजणीत आहे. दोन्ही वेग एकाच गोळीचे हवेत, कारण एकाच डब्यातल्या दोन गोळ्याही सारख्या वेगानं सुटत नाहीत. यंत्रं जवळजवळ ठेवणं तर निव्वळ फसवणूक: दहा मीटरमध्ये वेग घटतो जेमतेम साडेपाच मीटरनं, त्यात एका मीटरची चूक झाली तर उत्तर जवळपास पाचव्या हिश्शानं बिघडतं. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. उन्हाळ्यातली इथली हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. ती दुरुस्ती विसरली की गोळी आहे त्याहून चांगली ठरते. तापमान आणि हवेचा दाब टिपून न ठेवलेला बीसी मी तरी जमेला धरणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? गोळी ५० मीटरमध्ये सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते, पण त्याची काळजी नको. ते रायफलच्या साइटवर आधीच जुळवलेलं असतं. खरा त्रास वाऱ्याचा. आडवा वारा गोळीला किती ढकलणार, हे तिच्या प्रवासाच्या एकूण वेळेवर नव्हे, तर हवेमुळे झालेल्या उशिरावर ठरतं. वरच्या आकड्यांत हा उशीर सेकंदाचा साधारण साडेसहा हजारांश. आडवा वारा सेकंदाला दोन मीटरचा असला तर गोळी १३ मिलिमीटर सरकते. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, गोळी ५.६ची, मधोमध धरलेला नेम नऊवर जातो. म्हणून रेंजवर १० आणि ३० मीटरवर वाऱ्याची निशाणं लावतात. नेमबाजाची नजर आधी जवळच्या निशाणावर जाते, कारण तिथं बसलेला धक्का पुढचे चाळीस मीटर वाढतच जातो.